ओंडक्याची कूस

माणसानं लाकडाशी बोलावं याचं मला काही वाटत नाही. माझी आई कुकरशी बोलायची. पण लाकडानं काय उत्तर दिलं हे चारचौघांत मोठ्यानं सांगू नये, एवढं तरी भान असावं. आमच्या मिस्त्रींना ते नव्हतं. "हा नाय म्हणतोय," असं ते ओंडक्यावर हात ठेवून सांगायचे आणि पहारी घेऊन उभे असलेले दोन धडधाकट गडी काही न विचारता तो ओंडका परत फिरवायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माझी मजा करताहेत. शहरातून इंजिनियर बाई आलीय, तिला जरा फिरवावं. पण पुढं जवळजवळ वर्षभर मी त्या सॉ मिलमध्ये होते, आणि मिस्त्री माझ्याकडं बघतसुद्धा नसताना ओंडक्यांशी बोलत होते.

ओळख करून देण्याची त्यांची एक पद्धत होती. समोरच्याचं नाव विचारायच्या आधी दोन्ही हात पुढं करून पंजे पसरून दाखवायचे. दहाच्या दहा बोटं शाबूत. चाळीस वर्षं करवतीवर काढलेल्या माणसाकडं याहून मोठं प्रशस्तिपत्रक नसतं, हे मला मिलमधल्या बाकीच्यांचे हात बघितल्यावर पटलं. नमस्कार त्यानंतर.

मिल रोह्याच्या बाहेर, केमिकल कंपन्यांकडं जाणाऱ्या रस्त्यावर. कंपन्यांना माल ठेवायला लाकडी पॅलेट लागतात, गावात दारांच्या चौकटी लागतात, आणि पेणच्या गणपतींना परदेशी जाण्यासाठी खोकी लागतात. हे सगळं तिथं कापलं जायचं. मालक होते शेठ. त्यांच्या वडिलांची ही वखार. शेठ स्वतः पंधरा वर्षं आखातात काढून आलेले. तिथं ॲल्युमिनियमच्या कारखान्यात ते सुपरवायझर होते, माणसाचा हात न लागता माल कसा बाहेर पडतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि आपली वखार तशीच करायची हे त्यांच्या मनानं घेतलं होतं. पुण्यातल्या ज्या छोट्या कंपनीत मी नोकरीला होते तिच्याकडं ते आले. कंपनीनं मला पाठवलं, कारण मी पेणची. घरी वडील एकटे, शाळेतून गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांनाही सोबत झाली. रोज सकाळी एस.टी.नं पेणहून रोह्याला, संध्याकाळी परत.

काम सांगायला सोपं होतं. ओंडका करवतीच्या ट्रॉलीवर चढवण्याआधी तो कुठल्या अंगावर निजवायचा हे ठरवावं लागतं. ओंडका वरून गोल दिसतो, पण नसतो. कुठंतरी हलका बाक असतो, गाभा एका बाजूला सरकलेला असतो, झाड उतारावर वाढलं असेल तर एका अंगाला ताण असतो. चुकीच्या अंगावर निजवून कापला तर फळ्या निघताना अगदी सरळ दिसतात आणि वाळल्या की पापडासारख्या वळतात. मिस्त्री याला कूस म्हणायचे. हा डाव्या कुशीवर घे, हा पालथा घाल. आम्ही बसवणार होतो दोन कॅमेरे, एक ओंडक्याच्या कापलेल्या तोंडासमोर, एक अंगावर. फोटो कॉम्प्युटरकडं जाणार, आणि कॉम्प्युटर सांगणार की ओंडका अमुक इतका फिरवा. हे त्याला शिकवायचं तर शेकडो ओंडक्यांचे फोटो घ्यायचे आणि प्रत्येकासोबत मिस्त्रींनी तो कसा निजवला ते नोंदवायचं. थोडक्यात, मिस्त्रींच्या डोक्यातलं कॉम्प्युटरच्या डोक्यात ओतायचं.

आणि ओतून झालं की मिस्त्रींनी घरी बसायचं. हे शेठनी पहिल्याच दिवशी, त्यांच्यादेखत, भरपूर साखर घालून सांगितलं. खूप वर्षं उभे राहिलात, आता जरा आराम करा, अशा भाषेत. शेठचा आवाज खरोखर मायेचा होता. मिस्त्रींनी मान हलवली. आराम हा शब्द त्यांना किती लागला होता, हे मला फार उशिरा समजलं.

कॅमेरा बसला त्या दिवशी मिस्त्री त्याच्यापुढं वाकून उभे राहिले. बराच वेळ भिंगात बघत होते. मग मला विचारलं, ह्याला जवळचं दिसत नाही की लांबचं? मी म्हटलं, दोन्ही दिसतं. "मंग अजून तरणा हाय," असं म्हणून ते गेले. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी पंचाच्या टोकानं भिंग पुसायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. भिंगाला वेगळं कापड असतं, पंचानं चरे पडतात, हे सांगून सांगून मी दमले. शेवटी मी पंचाच्या मापाचं मऊ कापड आणून दिलं आणि तो पंचाच आहे असं आम्ही दोघांनी मान्य केलं.

तंबाखू हा त्यांचा दुसरा धंदा होता. डबीतून नखभर चुना, तळहातावर मळणं, दोन टाळ्या, चिमूट दाढेखाली. अंगठ्याला उरलेला चुना मग कुठंतरी पुसायचा. मिलमधले सगळे खांब, दाराच्या कडा, स्विचबोर्डाची खालची बाजू, सगळीकडं त्यांच्या अंगठ्याचे पांढरे ठिपके. एकदा माझ्या लॅपटॉपच्या बॅगेवर सापडला. मी चिडले, तर म्हणाले, चुना हाय, शेण नाय.

त्यांच्याकडून नियम काढून घेणं म्हणजे एक शिक्षाच होती. कूस कशी ओळखता असं विचारलं तर कधी म्हणायचे सालीवरून, कधी वासावरून. एकदा मात्र त्यांनी मला नीट समजावलं. ओंडका सपाट जमिनीवर सोडला की तो थोडा डुलतो आणि एका बाजूवर थांबतो. ती त्याची आवडती कूस. आपण कापताना त्याला नेमका तिच्या उलट निजवायचा. मी मोठ्या आनंदानं हे वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली. दुसऱ्या दिवशी त्यांनी सलग तीन ओंडके आवडत्याच कुशीवर कापले. मी वही पुढं केली. ते वहीकडं न बघता म्हणाले, "हे जांभळाचे हायत. जांभूळ खोटं बोलतं."

अशा माणसाला लग्नाला न्यावं का? मिलमधल्या एका गड्याच्या मुलीचं लग्न नागोठण्याजवळच्या गावात होतं. मांडवाची मुहूर्तमेढ रोवायच्या वेळी मिस्त्रींना मानानं बोलावलं होतं, आणि मलाही आग्रह करून नेलं होतं. खड्डा खणलेला, आंब्याच्या डहाळ्या बांधलेल्या, भटजी घड्याळ बघताहेत. मुलीच्या मामानं मेढ उचलून खड्ड्यात धरली आणि मिस्त्री म्हणाले, उलटी हाय. मेढ म्हणजे सोललेला सरळसोट वासा, दोन्ही टोकं सारखी कापलेली. त्यात उलटंसुलटं कुणाला कळणार? पण मिस्त्रींचं म्हणणं, झाड जसं उभं होतं तसंच लाकूड उभं केलं पाहिजे, बुंधा खाली, शेंडा वर. मामा म्हणाला, बाबा, मुहूर्त टळतोय. भटजींनी पंचांगात असं काही नसल्याचं सांगितलं. मिस्त्री खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले आणि वाशावरच्या एका बारक्या गाठीवर बोट ठेवलं. ही फांदीची गाठ, बघा कुठं कललीय. खाली कललीय. "फांदी वर जाते का जमिनीत जाते?" असं त्यांनी मामाला विचारलं. मुलीच्या बापानं स्वतः मेढ बाहेर काढून उलटी केली. आता त्या मुलीला दोन मुलं आहेत, नवरा बरा आहे, आणि या सगळ्याचं श्रेय मिस्त्री नि:संकोच घेतात.

होळीच्या सुमारास आमची चाचणी झाली. शेठनी त्यासाठी मिलच्या आवारातले ओंडके घेतले, मिस्त्रींना बाजूला उभं केलं, आधी कॉम्प्युटरचं उत्तर कागदावर लिहिलं आणि मग मिस्त्रींना विचारलं. एकामागून एक उत्तरं जुळत गेली. दहावा ओंडका जुळला तेव्हा शेठनी माझ्या हातात पेढा ठेवला. विसावा जुळला तेव्हा मिस्त्री स्वतःच माझ्याकडं आले आणि म्हणाले, "हुशार हाय गो तुजा पोरगा." त्यांच्या आवाजात कडवटपणा शोधला मी. नव्हता.

मग त्यांचा सत्कार झाला. मिलच्या आवारात शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. शेठ चार शब्द चांगले बोलले आणि मध्येच गहिवरले, कारण त्यांच्या वडिलांनी मिस्त्रींना कामावर घेतलं होतं. मिस्त्रींना बोलायला सांगितलं. करवत चालू असताना ओरडून बोलायची सवय आहे, बंद असताना काय बोलायचं माहीत नाही, एवढंच ते म्हणाले. मग त्यांनी दोन्ही पंजे पसरून सगळ्यांना एकदा दाखवले, शाल काखेत मारली आणि निघाले. करवत परत चालू झाली तेव्हा ते फाटकापर्यंतही पोचले नसतील.

त्यानंतर काही आठवडे सगळं सुरळीत होतं. आवारातला साठलेला माल संपला, नवा ट्रक आला, तोही कापून झाला. ते दिवस परदेशी जाणाऱ्या गणपतींचे. बोटीनं जायचं म्हणजे मूर्ती कित्येक महिने आधी निघाव्या लागतात, त्यामुळं पेणच्या आमच्या गल्लीत तेव्हा रंगापेक्षा खोक्यांची घाई जास्त असते. एका सकाळी समोरचे, गणपतींचे कारखानदार काका हातात एक फळी घेऊन आमच्या ओट्यावर आले. या काकांच्या कारखान्यात मी लहानपणी मातीत खेळलेली. त्यांनी फळी ओट्यावर ठेवली आणि एका टोकाला बोट लावलं. दुसरं टोक उचललं गेलं. सगळ्या झाकणांना हाच आजार झाला होता. खिळे उपटून वर आले होते, आणि एका खोक्यात फळी आत वळून गणपतीचा कान गेला होता. वडिलांनी फळी हातात घेऊन डोळ्यांसमोर आडवी धरली, आणि हे तुझ्या कॅमेऱ्यानं कापलं का, असं वर्गात विचारतात तसं विचारलं.

कॉम्प्युटर फोटोतला कुठला भाग बघून उत्तर देतो हे शोधायची एक सोय असते. तो भाग फोटोवर लाल दिसतो. खरं तर ही तपासणी मी चाचणीच्या आधी करायला हवी होती. उत्तरं इतकी छान येत होती की केली नाही. त्या दिवशी मिलच्या ऑफिसात बसून मी जुने फोटो एकेक उघडले. लाल डाग ना गाभ्यावर होता, ना बाकावर. ओंडक्याच्या तोंडाच्या अगदी काठाला, एका बारक्या जागी होता. फोटो मोठा करून पाहिला. तिथं चुन्याचा ठिपका होता.

पुढचा फोटो उघडला. ठिपका. त्याच्या पुढचा. ठिपका.

मिस्त्रींची सवय मला डोळ्यांसमोर दिसली. ट्रक रिकामा झाला की ते प्रत्येक ओंडक्याभोवती फेरी मारायचे. तंबाखू मळत, पुटपुटत, हात फिरवत. मनाशी ठरलं की चिमूट दाढेखाली जायची आणि अंगठा ओंडक्याच्या काठाला पुसला जायचा, जी बाजू वर यायला हवी नेमका तिथं. आमच्या कॉम्प्युटरनं लाकडाकडं कधी बघितलंच नव्हतं. त्याला एक पांढरा ठिपका सापडला होता, आणि तो वर आणला की शाबासकी मिळते हे त्याला पुरेसं होतं. नव्या ट्रकमधल्या ओंडक्यांना ठिपका नव्हता. तिथं तो मनाला येईल ते सांगत होता.

दुसऱ्या गावची मुलगी असती तर तिनं कदाचित पहिल्या दिवशी विचारलं असतं की हे पांढरं काय आहे. मी इथली. खांबाला, भिंतीला, एस.टी.च्या खिडकीला चुन्याचं बोट असतंच. ते मला दिसत असूनही दिसलं नाही. शेकडो फोटो मी स्वतः बघितले होते.

शेठना काय सांगायचं याचा मी अर्धा दिवस विचार केला. खोटं नको म्हणून नाही, नोकरी जाईल म्हणून. कॅमेऱ्याची पट्टी हलली, दुरुस्त करते, असं सांगून दोन महिने काढता आले असते. पण काकांच्या गणपतीचा कान डोळ्यांपुढून जाईना. मी खरं सांगितलं. शेठ करवतीकडं वळले. मग म्हणाले, मिस्त्रींना आणलं पाहिजे, पण मी कसा जाऊ, मी शाल दिलीय. तू जा.

मिस्त्रींचं घर कुंडलिकेच्या खाडीकडं, रोह्यापासून पाऊण तासावर. लाकडात आयुष्य काढलेल्या माणसाचं घर म्हणून मी काहीतरी कल्पना करून गेले होते. त्या घरात लाकडाची काडी नव्हती. दार लोखंडी, खिडक्या ॲल्युमिनियमच्या, कपाट स्टीलचं, खुर्च्या प्लास्टिकच्या. देव्हारासुद्धा संगमरवरी. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, चहा देता देता तक्रार केली की त्यांना सागवानी देव्हारा हवा होता, तीस वर्षं मागताहेत. मिस्त्रींचं म्हणणं, लाकूड घरात वाजतं. हवा बदलली की चौकट बोलते, फळी बोलते, आणि मग कोण काय म्हणतंय हे बघायला त्यांना जेवणावरून उठावं लागतं. मिलमध्ये ऐकतो तेवढं पुरे.

मी लॅपटॉप उघडून त्यांना फोटो दाखवले, लाल डाग दाखवला, ठिपका दाखवला. त्यांना आधी पटलंच नाही. मी कधी पुसला, म्हणाले. काकूंनी हसून फ्रिजच्या दाराकडं बोट केलं. मिस्त्री फ्रिजकडं बघत राहिले, मग स्वतःच्या अंगठ्याकडं. मला वाटलं आता ते हसतील. त्यांच्या तोंडावर एवढी मोठी गंमत चालून आली होती. पण ते म्हणाले, "म्हंजे तो बिचारा माज्यावर इसंबला होता."

मग त्यांनी मला सरळ विचारलं की आता परत शिकवायचं का. मी हो म्हटलं. नीट शिकला की मी परत घरी? मी त्यालाही हो म्हटलं. त्या वेळी थोडं गोलमोल बोलता आलं असतं, पण फ्रिजवरच्या त्या ठिपक्यांसमोर जमलं नाही. काकू आत निघून गेल्या. मिस्त्रींनी कप खाली ठेवला आणि पहिली गाडी किती वाजता आहे ते मला सांगितलं, जणू मीच त्यांच्याकडं कामाला येणार होते.

दुसरा पाठ आम्ही शहाण्यासारखा केला. आवारात तंबाखू बंद. मिस्त्री बडीशेप चघळायचे आणि सगळ्यांवर खेकसायचे. ओंडक्याला हात लावायच्या आधी साबणानं हात धुवायचे, देवपूजेला बसल्यासारखे. प्रत्येक ओंडक्याला रंगानं नंबर. मिस्त्री फेरी मारून तोंडी सांगायचे, मी लॅपटॉपवर लिहायची, फोटो निघायचा आणि ओंडका दुसऱ्या दिवशी कापला जायचा. आदल्या दिवशीची यादी मी रोज सकाळी पेणहून निघताना फोनवर मिलला पाठवायची, त्याप्रमाणं ओंडके ट्रॉलीवर चढायचे. गणपतीची खोकी परत सरळ निघू लागली. कारखानदार काकांनी एक नवं झाकण मुद्दाम आमच्या ओट्यावर आणून ठेवलं आणि त्याच्या चारही कोपऱ्यांना बोट लावून दाखवलं.

एक गोष्ट लिहायला लाज वाटते, पण लिहिते. त्या दिवसांत मला मिस्त्रींचा संशय यायचा. पहिल्या खेपेला त्यांना काही कळायच्या आत सगळं होऊन गेलं होतं. आता त्यांना पुरतं ठाऊक होतं की ते जे सांगतात त्यानंच त्यांचं काम जाणार आहे. मग ते खरं कशाला सांगतील? मी त्यांच्या जागी असते तर? म्हणून मी संध्याकाळी एस.टी.त बसून त्यांची उत्तरं तपासायची. ओंडक्याचा बाक मोजून, गाभा किती सरकलाय ते बघून. महिनाभर तपासली. एकही चुकीचं सापडलं नाही. मग मी तपासणं सोडून दिलं आणि मनातल्या मनात त्यांची माफी मागितली.

पुढं काय झालं ते आताच सांगून टाकते. दिवाळीनंतर कॅमेरा एकट्यानं काम करू लागला, आणि खरंच करू लागला. मिल अजून चालते. मिस्त्रींना घरी बसवलं तेव्हा दुसरा सत्कार नको असं त्यांनी आधीच बजावलं होतं. शेठ त्यांना गाडीनं घरी सोडून आले आणि तिथं जेवून आले. मी पुण्याला परतले. पण मिस्त्री म्हटलं की मला ती मिल आठवत नाही. नवरात्रातली एक सकाळ आठवते.

दार वडिलांनी उघडलं. मी आत डबा भरत होते. ओट्यावर मिस्त्री उभे होते, धुतलेला सदरा, डोळे लाल. रोह्याहून पहिल्या गाडीनं आले होते. गावाहून रोह्यापर्यंत कसे आले असतील कुणास ठाऊक. तेवढ्या लवकर तिकडून काही नसतं. आमच्या घरी ते पहिल्यांदाच येत होते, तरी वडिलांना हात दाखवायचे विसरले. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"सातशे बारा नंबर," ते म्हणाले. "ऐनाच्या झाडाचा. कालचा शेवटचा. तो मी उलटा सांगितला."

मी म्हटलं, मिस्त्रीकाका, होतं कधी कधी, बदलून टाकू, यादी अजून पाठवली नाही.

"चूक नाय गो. मुद्दाम सांगितला."

वडिलांनी हातातला पेपर घडी करून बाजूला ठेवला. मिस्त्री माझ्याकडं न बघता, ओट्याच्या फरशीकडं बघत सांगत होते. काल कामाच्या शेवटी त्यांच्या मनात आलं की एक तरी चुकीचं ह्याच्या डोक्यात राहू दे. कुणाला कळणार नाही. पुढं कधीतरी हा अडखळेल आणि कुणीतरी म्हणेल की मिस्त्रींना बोलवा. एवढं ठरवून ते घरी गेले. पानावर बसले आणि घास गिळेना. काकूंनी विचारलं, तर त्यांना सांगता येईना.

"साडेआठाला चढंल तो ट्रॉलीवर," ते म्हणाले. "चांगला ऐन हाय. माज्यापायी वाकडा निघंल."

फोन का नाही केला, असं मी विचारलं. फोनवर सांगायची गोष्ट नाही, म्हणाले.

मी लॅपटॉप ओट्यावरच उघडला. शेकडो ओंडक्यांत एका चुकीच्या नोंदीनं कॉम्प्युटरला काहीही फरक पडत नाही. तो अडखळला नसता, त्याच्यापायी मिस्त्रींना कुणी बोलावलं नसतं. हे मला माहीत होतं आणि त्यांना नव्हतं. सांगावं असं माझ्या ओठांवर आलं, पण त्या माणसाच्या तोंडाकडं बघून सांगितलं नाही. मी उगाच यादी वरखाली करत राहिले. मग सातशे बारा नंबर काढला, त्यांनी आता सांगितलं तसं लिहिलं आणि यादी मिलला पाठवली.

त्यांनी खिशातून चष्मा काढून लावला आणि वाकून आकडा वाचला. एकदा बोटानं, पडद्याला न लावता, गिरवला. "बरोबर लागला ना?" म्हणाले. मी म्हटलं, बरोबर लागला. वडील म्हणाले, मिस्त्री, चहा तरी घ्या. त्यांनी नको म्हणत चष्मा परत खिशात ठेवला, आणि आपल्याला घरी बसवणारी यादी स्वतः येऊन दुरुस्त करवून ते माझ्या आधी एस.टी. स्टँडकडं चालू लागले.